समाजशास्त्र म्हणजे काय?

घाटकोपरच्या टेकडीवरील एका वस्तीची कल्पना करा. तेथील एका हुशार मुलीने सातवीनंतर शाळा सोडली. शेजारी म्हणाले, "तिला अभ्यासाची आवडच नव्हती." वडील म्हणाले, "तिचे नशीब!"

समाजशास्त्राचा अभ्यासक मात्र एवढ्यावर थांबत नाही. तो घरोघरी जाऊन विचारतो: या वस्तीतील आणखी किती मुलींनी शाळा सोडली? मुलगे शिकत आहेत का? पुढच्या इयत्तेची शाळा किती दूर आहे? पाणी कोण भरते? धाकट्या भावंडांना कोण सांभाळते? अनेक घरांतून सारखीच उत्तरे आली, तर दोष त्या एका मुलीचा नाही, हे स्पष्ट होते.

माणूस एकटा राहत नाही. कुटुंब, शेजार, जात, धर्म, शाळा, कामाची जागा अशा अनेक समूहांत तो वाढतो. या समूहांतील माणसांच्या परस्परसंबंधांचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे समाजशास्त्र. अर्थशास्त्र संपत्तीचा विचार करते. राज्यशास्त्र राज्यकारभाराचा विचार करते. समाजशास्त्र समाजजीवनाच्या सर्व अंगांतील संबंध शोधते. म्हणूनच विवाह, शिक्षण, रूढी, खेडे, शहर, स्थलांतर हे सारे विषय त्याच्या कक्षेत येतात.

उर्दूत या शास्त्राला 'उमरानियात' म्हणतात. ट्युनिस येथे १३३२ साली जन्मलेल्या इब्न खल्दून यांनी 'मुकद्दिमा' या ग्रंथात मानवी समाजाच्या अभ्यासाला स्वतंत्र विद्या मानले. पुढे एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या ऑगस्त कोंत यांनी या शास्त्राला युरोपात नाव दिले.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे होते. शहर समजून घ्यायचे तर आधी ते पायी फिरून पाहावे, असे ते मानत. १९२४ साली मालवणचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये विभागप्रमुख झाले. त्यांनी अनेक नामवंत अभ्यासक घडवले. आज हा विभाग सांताक्रूझजवळ कलिना येथे आहे.

आता त्या मुलीकडे पुन्हा वळू. नशिबाला दोष दिला, तर करण्यासारखे काहीच उरत नाही. पण शाळा दूर आहे किंवा पाणी भरण्यात तिची सकाळ जाते, हे कळले, तर त्यावर उपाय करता येतो. खरे कारण शोधणे, हेच समाजशास्त्राचे काम आहे.