पाखरांशी सोयरीक (भाग ७) : पिंजऱ्यात शिरणारा हात

बाहेर असला की खांद्यावर बसतो, चष्म्याशी खेळतो, शीळ घातली की उलट शीळ घालतो. वाटी बदलायला पिंजऱ्यात हात घातला की तोच पक्षी अंगावर धावून येतो. मान लांब, चोच उघडी, शेपटीचा पंखा झालेला. पोपट पाळणाऱ्या घरांत हे गाऱ्हाणं इतकं नेहमीचं आहे की बहुतेकांनी त्याचा निकालही लावून टाकलेला असतो : ‘खुनशी आहे’, ‘माजलाय’, ‘मादी असेल’. यातला शेवटचा अंदाज अगदीच चुकीचा नाही, त्याच्याकडे पुढे येऊ. खुनशीपणाचा मात्र इथे काही संबंध नाही. हा पक्षी घाबरलेला असतो आणि उडून जायला वाट नसली की घाबरलेल्या पोपटापाशी फक्त चोच उरते.

पुढे जाण्याआधी कायद्याचं बोलायला हवं, कारण साताऱ्याच्या पेठांत आणि सांगलीच्या गावभागात आजही अनेक ओसऱ्यांवर ‘मिठू’ टांगलेला दिसतो. आपला हिरवा, गळ्याला कंठ असलेला राघू आणि त्याचा थोराड भाऊ पहाडी पोपट हे दोघेही १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे. असा पक्षी घरात असेल तर हा लेख वाचून त्याला माणसाळवू नका आणि पिंजऱ्याचं दार उघडून एकदम हाकलूनही देऊ नका. वर्षानुवर्षं कोंडलेल्या पक्ष्याच्या पंखांत बळ नसतं, अन्न शोधायची सवय नसते. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पुनर्वसनात त्याला माणसाची सवय लावायची नसते, उलट असलेली मोडायची असते. आज आपण बोलतोय ते परदेशी जातींबद्दल : कॉकाटेल, कोन्युर, लव्हबर्ड, आफ्रिकन ग्रे. यातल्या ज्या जाती ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांत आहेत, उदाहरणार्थ सन कोन्युर आणि आफ्रिकन ग्रे, त्यांची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते.

आता भीतीकडे. जानेवारी-फेब्रुवारीत माणदेशात, जत-आटपाडीकडे शाळू भरात आला की पोपटांचे थवे कणसांवर उतरतात आणि माळ्यावर उभा असलेला राखणदार गोफण फिरवतो. थवा एका क्षणात उठतो. दोन पायांवर उभी, हात वर केलेली आकृती म्हणजे धोका, हे त्या थव्यातल्या एकेका पक्ष्याच्या अंगात भिनलेलं असतं. आपल्या दिवाणखान्यातला कोन्युर ब्राझीलकडचा असला तरी त्याचा स्वभाव याच थव्यातल्या पक्ष्याचा आहे. बजरीगर जॉन गूल्ड यांनी ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला जिवंत नेले ते १८४० साली. घरगुती पोपटांमध्ये सगळ्यांत रुळलेला समजला जाणारा हा पक्षी, त्याचाही माणसाच्या घरातला इतिहास दोनशे वर्षांचा नाही. कुत्र्याचा इतिहास हजारो वर्षांचा आहे. आफ्रिकन ग्रे जंगलात पकडून विकण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला पूर्ण मनाई झाली ती थेट २०१७ मध्ये. पिंजऱ्यात जन्मला म्हणून पोपट पाळीव होत नाही. त्याचं सारं शरीर अजून रानातलं आहे, आणि हे मनापासून मान्य केल्याशिवाय पुढची एकही युक्ती लागू पडत नाही.

रानात बहुतेक पोपट झाडाच्या ढोलीत घरटं करतात. ते स्वतः घर बांधत नाहीत, असलेली ढोली बळकावतात. ढोल्या मोजक्या आणि मागणारे फार : साळुंक्या, पिंगळे, खारी, शिवाय दुसरे पोपट. त्यामुळे ढोलीच्या तोंडाशी येणाऱ्या कुणावरही आधी धावून जायचं, मग बघायचं, अशी रीत पडली. आता पिंजऱ्याकडे पाहा. तीन बाजूंनी बंद, एक लहान तोंड, आत अन्न आणि झोपायची जागा. पक्ष्याच्या लेखी ही ढोलीच आहे. तिच्यात आपण हात घालतो, तेही वरून. अनोळखी माणूस न विचारता थेट देवघरात शिरावा, तसं त्याला वाटत असणार. बाहेरचा गुणी पक्षी आत गेल्यावर वेगळा का वागतो, याचं उत्तर इथे आहे.

विणीच्या हंगामात हे अधिक तीव्र होतं. आपल्याकडच्या अनेक पिंजऱ्यांत मातीचं मडकं टांगलेलं असतं, दुकानदार ते पिंजऱ्याबरोबरच देतो. जोडी लावून पिल्लं घ्यायची नसतील तर ते मडकं आजच काढा. पुठ्ठ्याचे खोके, कापडी झोपड्या, कोपऱ्यात दडपलेले कागदही काढा. मऊ, गरम अन्न रोज देऊ नका, आणि रात्री दहा ते बारा तास अंधार व शांतता द्या. उशिरापर्यंत टीव्हीच्या उजेडात बसलेल्या पक्ष्याला दिवस मोठा झाल्यासारखा वाटतो आणि शरीर विणीच्या तयारीला लागतं. ढोलीची राखण करण्यात मादी पुढे असते, राघूच्या जातीत तर जोडीवर तिचंच राज्य चालतं. म्हणून ‘मादी असेल’ या अंदाजात तथ्य आहे, पण तो दोष नव्हे.

आधी दुखणंही वगळायला हवं. पक्षी आजार लपवतात, आणि पंखात किंवा पोटात दुखत असलेला पोपट हात जवळ आला की चावतो. स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर दर आठवड्याला वजन घेण्याची सवय लावा. कॉकाटेल साधारण ऐंशी ते शंभर ग्रॅमचा असतो, त्याचे आठ-दहा ग्रॅम उतरले तर ती मोठी घट आहे. वजन उतरत असेल, विष्ठेचा रंग बदलला असेल तर शिकवणं थांबवून पशुवैद्य गाठा. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

पिंजरा कुठे ठेवला आहे यानेही फार फरक पडतो. गच्चीत किंवा उघड्या सज्जात टांगलेला पिंजरा आपल्याला हवेशीर वाटतो, पण अजिंक्यताऱ्याखालच्या घरांवर दिवसभर घारी फिरत असतात आणि त्यातली प्रत्येक घार पक्ष्याला दिसते. शिक्रा पोपटांवर झडप घालतो. वरून येणारी सावली, मग ती घारीची असो वा आपल्या हाताची, त्याला सारखीच. पिंजऱ्याची एक बाजू तरी भिंतीला लागलेली असावी, दांडी आपल्या छातीच्या उंचीला यावी, आणि जागा स्वयंपाकघरात नसावी. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो.

आता मुख्य गोष्ट. चावला तर काय करायचं, यावर दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, हात झटकन काढा. दुसरा, जो दुकानांतून जास्त ऐकू येतो, तो म्हणतो, हातमोजा घाला आणि चावला तरी हात काढू नका, म्हणजे तो हार मानेल. पहिल्या सल्ल्याने पक्षी शिकतो की चावलं की हात जातो. दुसऱ्याने तो त्याहून वाईट धडा घेतो : आपण काहीही केलं तरी कुणी ऐकत नाही. मग काही पक्षी अधिक जोरात चावतात आणि काही गप्प होतात. या गप्प झालेल्या पक्ष्याला लोक ‘माणसाळला’ म्हणतात. तो माणसाळलेला नसतो, त्याने आशा सोडलेली असते. हे बघून मला फार वाईट वाटतं, कारण त्या शांततेवर घरचे खूश असतात.

दोन्ही सल्ले चाव्यापासून सुरू होतात. खरं काम चाव्याच्या आधीचं आहे. पोपट क्वचितच एकदम चावतो. आधी अंगावरची पिसं घट्ट चिकटतात, पक्षी एकाएकी सडपातळ दिसतो. दांडीवर एक पाऊल मागे सरतो. कॉकाटेलचा तुरा डोक्याला लागून सपाट होतो. कोन्युर किंवा ग्रे असेल तर बाहुली भराभर लहान-मोठी होते, मानेवरची पिसं उभी राहतात, ग्रे गुरगुरतो. ही सगळी त्याची ‘नको’ म्हणण्याची भाषा आहे. यातलं पहिलं चिन्ह दिसताच, चोच उघडण्याआधी, आपण थांबायचं आणि शांतपणे एक पाऊल मागे यायचं. ‘नको’ हलक्या आवाजात म्हटलं तरी ऐकलं जातं, हे कळलेल्या पक्ष्याला ओरडावं लागत नाही.

याचा सुंदर दाखला अ‍ॅलेक्स या आफ्रिकन ग्रेचा आहे. आयरीन पेपरबर्ग यांनी त्याला १९७७ साली शिकागोतल्या दुकानातून आणलं आणि २००७ मध्ये तो मरेपर्यंत त्याच्याबरोबर काम केलं. शंभराहून अधिक शब्द, रंग, आकार, संख्या यांसाठी तो जगप्रसिद्ध झाला. मला त्याची दुसरीच गोष्ट मोलाची वाटते : कंटाळा आला की तो ‘परत जायचंय’ असं इंग्रजीत सांगे आणि त्याला पिंजऱ्याकडे नेलं जाई. इतकी वर्षं इतकं शिकत राहिलेल्या पक्ष्याला ‘पुरे’ म्हणायची मुभा होती.

आपल्या घरात सुरुवात अशी करा. पिंजऱ्यापासून किती अंतरावर उभे राहिलात की पक्ष्यात काहीच बदल होत नाही, ते शोधा. तिथे खुर्ची टाकून बसा, तिरपं बसा, पेपर वाचा. दोन्ही डोळ्यांनी सरळ रोखून बघत पुढे येणं हे शिकाऱ्याचं वागणं आहे, ते टाळा. तो अस्वस्थ होण्याआधी उठून जा. मग जाता-येता पिंजऱ्याच्या बाहेरून वाटीत आवडीचा एक दाणा टाकायचा आणि थांबायचं नाही, पुढे जायचं. सूर्यफुलाचं बी, राळ्याच्या कणसाचा तुकडा, पेरूची फोड, यातली एक वस्तू रोजच्या खाण्यातून काढून फक्त या कामासाठी ठेवा. उपाशी मात्र ठेवू नका. लहान पक्ष्याचं शरीर उपास सहन करत नाही आणि भुकेने आलेली जवळीक खरी नसते.

आपण दिसताच तो पुढे येऊ लागला, की सळ्यांमधून एक पातळ काडी दाखवा. कुतूहलाने तिला चोच लावली की लगेच दाणा. काही दिवसांत काडीमागे तो दांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालेल, पुढे दारातून आपणहून बाहेर येईल. तो बाहेर असतानाच वाट्या, कागद, दांड्या साफ करा. आत असताना हात घालण्याची गरजच उरू नये, हे सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत दुर्लक्षित औषध आहे. हातावर बोलावण्याची वेळ आली की हात पोटाच्या उंचीला, स्थिर धरा. पोपट चढण्याआधी चोचीने आधार चाचपतो, चोच हा त्याचा तिसरा पाय आहे. ती येताना पाहून आपण दचकून हात मागे घेतला तर फांदी डळमळते असं त्याला वाटतं, आणि पुढच्या वेळी तो अधिक घट्ट धरतो. निम्मे ‘चावे’ इथेच जन्माला येतात.

यातली एक गोष्ट सांगलीकरांनी पावसाळ्याआधी करायलाच हवी. २००५, २०१९, २०२१ : कृष्णेने आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की नदीकाठच्या घरांना हाताशी वेळ फार थोडा असतो. त्या गडबडीत मोठा पिंजरा नावेत जात नाही, आणि भेदरलेल्या पक्ष्याला टॉवेलमध्ये पकडताना त्याच्या छातीवर दाब आला तर श्वास कोंडतो. लहान प्रवासी पिंजरा आताच आणा आणि दार उघडं ठेवून मोठ्याच्या शेजारी मांडा. आवडता दाणा आधी त्याच्या दारात, मग उंबऱ्यावर, मग आत. तो आत जाऊन खाऊ लागला तरी बरेच दिवस दार लावू नका. नंतर क्षणभर लावा, उघडा, दाणा द्या. पुढे पिंजरा उचलून खोलीतल्या खोलीत एक फेरी मारा. घरातल्या प्रत्येकाने हे करून बघावं, कारण पाणी चढेल तेव्हा पक्ष्याचं लाडकं माणूस घरीच असेल असं नाही.

(पुढील आठवड्यात : स्वतःची पिसं उपटणारे पक्षी)