उजनीच्या उथळ काठावर

सोलापुरात सात रस्ता भागात नळाला काही दिवसांआड येणारं पाणी उजनी धरणाचं. हेच पाणी क्षितिजापर्यंत पसरलेलं बघायचं, तर पहाटे चारला गाडी काढावी. पुणे रस्त्याने दीडशेएक किलोमीटरवर भिगवण, तिथून आत कुंभारगाव. उजाडता उजाडता नाव मिळते. नावाडी इथलेच मच्छीमार. जाळ्यातली चिलापी काढून झाली की पक्षी बघायला आलेले पाहुणे नावेत बसवायचे.

नाव हाकायची नि बोटाने पक्षी दाखवायचे, एवढंच काम दिसतं. खरी मेहनत उथळ पाणी हुडकण्याची. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उथळ पाण्यात उभा राहून पायाने चिखल ढवळतो आणि चोच उलटी बुडवून त्यातलं बारीक खाद्य गाळून घेतो. धरण तुडुंब असलं की असा काठ फारसा उरत नाही. पाणी उतरू लागलं की काठ सरकतो, पक्षीही त्याच्यामागे सरकतात. काल थवा होता तिथे आज जावं, तर कोरडी भेगाळ जमीन.

थवा दिसताच आमच्या नावाड्याने इंजिन बंद करून बांबू हातात घेतला. नाव थव्याच्या रोखाने नेलीच नाही. तिरकी घेतली, जणू आपल्याला पलीकडे कुठेतरी जायचंय. बांबू चिखलात हातभर रुतायचा. तो आवाज न करता उपसायचा. कडेच्या दोन-चार पक्ष्यांनी माना वर केल्या, नाव थांबली. माना खाली गेल्यावर पुन्हा हलकासा रेटा. मग थवा एकाच दिशेला चालू लागला, तसा त्याने बांबू रोवला. “आता पुढं नको, दादा. चालाय लागली की उडत्यात.”

मागच्या नावेला एवढा धीर नव्हता. इंजिन चालूच. थवा पाण्यावर धावत सुटला आणि उडाला. पंखांची लाली झळकली, फोटोही झकास आले असतील. पक्ष्यांची न्याहारी मात्र मोडली.

उजनीचा हिशेब सोलापूरकराला तोंडपाठ असतो: एकूण साठा 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृत. पाणी या मृत साठ्यात उतरून धरण ‘मायनस’मध्ये गेलं की आमच्याकडे घागरी मोजल्या जातात, ऊसवाल्यांच्या पोटात गोळा येतो आणि इथे उघड्या पडलेल्या काठावर पक्ष्यांची चंगळ. नावाड्याला विचारलं, तुमचं काय? “पाणी आटलं की पाव्हणं येत्यात, पण मासळी कमी हुती,” म्हणाला. दोन्ही धंदे एकाच वर्षी चांगले चालल्याचं त्याला आठवेना.

ऊन चढलं, वारा सुटला, तशी त्याने न विचारता नाव वळवली. काही पाहुणे कुरकुरले. मला मात्र नाव वळवणं पटलं. 21 मे 2024 ला याच जलाशयात, कुगाव-कळाशी दरम्यान, वादळी वाऱ्यात प्रवासी नाव उलटून सहा जण बुडाले. हे पाणी दिसतं तितकं गरीब नाही.

जाणार असाल तर थंडी सरता सरता जा आणि सकाळीच जा. लाइफ जॅकेट मागून घ्या. नसेल तर नावेत बसू नका. कुरव, म्हणजे सीगल पक्ष्यांना टाकायला आणलेलं शेवेचं पाकीट गाडीतच राहू द्या. आणि नावाडी थांबला, की ‘अजून जरा जवळ’ म्हणू नका.