आरे-वारेचा चढ आणि सायकलचे गिअर

रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला सायकलने जाताना समुद्र जितका सुंदर, तितकाच चढ खडा! गिअरचं गणित कळलं की पायांवरचा ताण खूप कमी होतो.

🚲 पुढच्या चक्राला ४२ दाते, मागच्याला १४: पेडलच्या एका फेरीत चाक ३ वेळा फिरतं, म्हणजे ७००सी आकाराच्या चाकावर सुमारे ६.३ मीटर. हा सपाट रस्त्याचा गिअर.

🚲 पुढे २८, मागे २८: एका फेरीत २.१ मीटरच. अंतर कमी, पण त्याच चढावर पेडलला जोर एक तृतीयांशच लागतो.

गिअर बदलतो कसा? हँडलवरचा शिफ्टर केबल ओढतो, तेव्हा डिरेल्युअर चेनला शेजारच्या चक्रावर ढकलतो. केबल सैल सोडली की स्प्रिंग त्याला परत आणते. एका खटक्याला नेमका एक गिअर, ही सोय शिमानो कंपनीने १९८४ मध्ये आपल्या ड्युरा-एस गिअर-संचात आणली.

चढ लागण्याआधीच गिअर हलका करा. गिअर बदलताना पेडल फिरतं ठेवा, पण जोर देऊ नका. पुढचं मोठं आणि मागचंही मोठं चक्र एकत्र वापरू नका, चेन तिरकी ताणली जाते. आणि आपल्या खाऱ्या हवेत चेन लवकर गंजते, म्हणून ती नियमित पुसून तेल द्या!