चिखलात रुतलेलं पोकलेन

भिवंडीजवळ कशेळी-काल्हेरच्या पट्ट्यात भातखाचरांवर भराव घालून गोदामं उभी राहिली. खाली मात्र खाडीकाठची चिकणमाती आहे. पावसाळ्यात वरचा मुरूम टणक दिसतो आणि हमखास फसवतो. 20 टनी पोकलेनचा भार रुंद पट्ट्यांवर पसरून दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम अर्धा किलो पडतो. भरलेल्या डंपरच्या टायरखाली तो कित्येक पट असतो. त्यामुळे आधी रुततो डंपर.

पोकलेन रुतलं की नवखा ऑपरेटर पट्टे फिरवतच राहतो आणि मशीन पोटापर्यंत बसतं. मग चिखल सोडत नाही, कारण खाली हवा शिरत नाही. जाणता ऑपरेटर बकेट टेकवून एक बाजू उचलतो, पट्ट्याखाली ओंडके सरकवतो, मग दुसरी बाजू. वायररोपने ओढताना दोर तुटला तर माणूस जातो. बघ्यांना आधी लांब हटवावं लागतं.