बारा गुणांचा नागरिक

आमच्या शाळेत नागरिकशास्त्राचा तास वेळापत्रकात असे, वर्गात क्वचितच. त्या तासाला सर इतिहासाचा राहिलेला धडा उरकत. पुस्तकाच्या मागच्या अंगाची ती पाने वर्षअखेरीसही कोरी करकरीत राहत. आजही दहावीच्या चाळीस गुणांच्या पेपरात इतिहासाला २८ आणि राज्यशास्त्राला १२ गुण आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलांनी काय गाळायचे, ते इथेच ठरते.

पुस्तकांना मात्र नावे ठेवता येत नाहीत. बालभारतीच्या २०१८च्या दहावीच्या पुस्तकात राजकीय पक्षांवर धडा आहे, चळवळींवर आहे, लोकशाहीसमोरील आव्हानांवरही आहे. आम्हाला ठाऊक असलेला नागरिक म्हणजे रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणारा, वेळेवर कर भरणारा गृहस्थ. या आज्ञाधारकपणाचे मूळ ब्रिटिश राजवटीच्या गरजेत आहे, असे सांगून २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने राज्यशास्त्र हे नाव सुचवले. आपल्याकडे आठवीपर्यंत जुने नाव टिकले, नववीपासून नवे आले.

माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. सहावीत ग्रामपंचायत आणि नगरपालिका, सातवीत संविधान, आठवीत संसद, नववीत परराष्ट्र धोरण आणि संयुक्त राष्ट्रे. इयत्ता वाढते तसा विषय घरापासून लांब जातो. अकरा-बारा वर्षांच्या पोराला सरपंचाचे अधिकार पाठ करायला लावायचे आणि त्याला गावातले राजकारण कळू लागले की न्यूयॉर्कला न्यायचे! दहावीत स्थानिक शासन परत येते, पण ओझरते. मतदानाचे वय १९८९मध्ये २१वरून १८वर आले. दहावीनंतर दोन-तीन वर्षांत बोटाला शाई लागते. विज्ञान किंवा वाणिज्य घेतलेल्याला मधल्या काळात हा विषय पुन्हा भेटत नाही.

इंग्लंडने हाच विषय बर्नार्ड क्रिक यांच्या समितीच्या १९९८च्या अहवालानंतर, २००२पासून माध्यमिक शाळांत सक्तीचा केला. तिथेही शिक्षक तुटपुंजे आणि तास चोरले जातात, तेव्हा भारावून जायचे कारण नाही. पण एक गोष्ट उचलण्याजोगी आहे. सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला हा विषय घेणाऱ्याला एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर प्रत्यक्ष काहीतरी करावे लागते आणि त्या अनुभवावरच्या प्रश्नांना १५ टक्के गुण असतात. आपल्याकडे प्रकल्प म्हणजे दुकानातून आणलेली चित्रे वहीत डकवणे.

खरे तर आपल्याला परदेशी जायचीही गरज नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे आपल्याकडचे ग्रामसभांचे ठरलेले दिवस. त्यातल्या निदान दोन दिवशी मुले इस्त्रीचे कपडे घालून झेंडावंदनाला येतात, खाऊ घेतात आणि घरी पळतात. ग्रामसभा पुष्कळदा त्याच शाळेच्या पटांगणात किंवा शेजारच्या देवळात भरते. त्यांना मत नाही हे खरे, पण ऐकायला मनाई थोडीच आहे? गुरुजी, येत्या २६ जानेवारीला खाऊ वाटून झाला की नववी-दहावीची मुले थांबवून घ्या आणि सभेत मागच्या रांगेत बसवा.