कार्डात भरलेली गाणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गाणे फुकट ऐकणे आणि गाण्याची विनापरवाना प्रत काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाणे ज्यांनी केले त्यांनीच ते फुकट ऐकायला ठेवले असेल, तर ऐकणाऱ्याचा काही दोष नाही. पण त्यांच्या परवानगीशिवाय त्याची प्रत मोबाइलमध्ये, मेमरी कार्डात किंवा पेन ड्राइव्हमध्ये उतरवली की प्रश्न सुरू होतो. धुळे जिल्ह्यातल्या साक्री, पिंपळनेर, दहिवेल, निजामपूर अशा बाजाराच्या गावांत या प्रश्नाचे ओळखीचे रूप म्हणजे ‘कार्ड भरून देणे’. मोबाइलच्या दुकानात कार्ड द्यायचे, थोडे पैसे द्यायचे आणि शेकडो गाणी भरून घ्यायची. आता स्वस्त इंटरनेटमुळे हेच काम घरबसल्या होते.

एका गाण्यात अनेकांचे हक्क असतात. शब्दांवर गीतकाराचा, चालीवर संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणावर त्याच्या निर्मात्याचा हक्क असतो. गायक-वादकांचे हक्क त्यांहून वेगळे आहेत. भारतात या सगळ्याचा आधार १९५७ चा कॉपीराइट कायदा आणि त्यात २०१२ साली झालेली मोठी दुरुस्ती हा आहे. या विषयावरचे बहुतेक गैरसमज हे वेगवेगळे हक्क एकच मानल्याने निर्माण होतात.

गैरसमज १: कार्ड भरताना पैसे दिले, म्हणजे गाणी विकत घेतली.

वस्तुस्थिती: ते पैसे प्रत काढून देण्याच्या कामाचे असतात. त्यातला एक रुपयाही गीतकार, संगीतकार, गायक किंवा निर्मात्यापर्यंत पोहोचत नाही. कायद्याच्या कलम १४ नुसार ध्वनिमुद्रणाची प्रत काढण्याचा अधिकार त्याच्या हक्कधारकाचा आहे, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे हेही प्रत काढण्यातच येते. परवान्याशिवाय पैसे घेऊन कार्ड भरून देणे हा हक्कभंगाचा व्यवसाय ठरतो. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले. व्यापारी लाभाचा हेतू नसेल, तर कारणे नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकते. दुकानदाराला हे बहुधा माहीत नसते आणि गिऱ्हाइकाला तर पैसे मोजल्याचे समाधान असते. म्हणून हा गैरसमज सर्वांत घट्ट बसला आहे.

गैरसमज २: यूट्यूबवर गाणे फुकट आहे, म्हणजे ते उतरवून घ्यायलाही मोकळीक आहे.

वस्तुस्थिती: यूट्यूबवर ऐकणारा पैसे देत नसला, तरी तिथे उत्पन्न तयार होते. गाण्यापूर्वी किंवा मध्ये दिसणाऱ्या जाहिरातींचे पैसे कंपनी आणि पात्र चॅनेल यांच्यात वाटले जातात. गाणे तिथे ऐकले की मोजणी होते. तेच एखाद्या तिऱ्हाईत संकेतस्थळावरून एमपीथ्री करून उतरवले आणि गावभर वाटले, तर पुढच्या हजार वेळा ऐकण्याची नोंद कुठेच होत नाही. यूट्यूबच्या अटींनुसारही कंपनीने दिलेल्या सोयीव्यतिरिक्त किंवा हक्कधारकाच्या परवानगीशिवाय गाणे उतरवता येत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक ही संगीतसेवा या खटल्यात हा फरक तपासला. रेडिओसारख्या प्रसारणासाठी कायद्याने ठेवलेला वैधानिक परवाना इंटरनेटवरून गाणी उतरवून घेण्याच्या सेवेला लागू होत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. गाणे ऐकवणे आणि गाण्याची प्रत हाती देणे हे कायद्याच्या दृष्टीने एकच काम नाही.

गैरसमज ३: मूळ गाणे जागेवरच राहते, म्हणून कोणाचेच काही जात नाही.

वस्तुस्थिती: यात अर्धे सत्य आहे. शेतातून कांद्याची गोणी उचलली तर शेतकऱ्याकडची गोणी कमी होते, गाण्याची प्रत काढल्याने मूळ गाणे कमी होत नाही. म्हणूनच कायदा या कृत्याला सरसकट चोरी म्हणत नाही, हक्कभंग म्हणतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८५ सालच्या डाउलिंग खटल्यात, विनापरवाना काढलेल्या तबकड्यांना चोरीच्या मालाचा कायदा लागू होत नाही, असे ठरवले. उतरवलेले प्रत्येक गाणे म्हणजे बुडालेली विक्री, असेही म्हणता येत नाही. फुकट मिळाले नसते तर अनेकांनी ते घेतलेच नसते.

पण यावरून कोणाचे काही जात नाही हे सिद्ध होत नाही. लग्नात रात्रभर वाजवणाऱ्या वाजंत्र्याला सकाळी बिदागी न देता वाटेला लावले, तर त्याच्या घरातून एकही वस्तू गेलेली नसते. तरीही त्याच्यावर अन्याय झाला, याबद्दल गावात दुमत होणार नाही. गाणे करणाऱ्याने शब्द जुळवण्यात, चाल बांधण्यात, स्टुडिओत आणि चित्रीकरणात श्रम व पैसा आधी घातलेला असतो. त्याचा मोबदला ऐकणाऱ्यांकडून थोडा थोडा यायचा असतो. प्रत काढणाऱ्याने वस्तू नेली नाही, तरी त्या श्रमाचा लाभ घेतला आणि वाटा नाकारला. नैतिक प्रश्न इथे आहे.

गैरसमज ४: नुकसान मुंबईतल्या मोठ्या कंपन्यांचे होते, कलावंताला तर आधीच पैसे मिळालेले असतात.

वस्तुस्थिती: गाण्याच्या कमाईत कलावंताचा कायमचा वाटा असावा की नाही, हा वाद भारतीय संगीतात जुना आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लता मंगेशकर यांनी गायकांनाही रॉयल्टी मिळावी अशी मागणी केली. गाण्याचे मानधन घेतले की गायकाचा हक्क संपतो, अशी मोहम्मद रफी यांची भूमिका होती. या मतभेदामुळे काही वर्षे दोघांनी एकत्र गाणी गायली नाहीत.

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर २०१२ साली दिले. गीतकार आणि संगीतकार यांनी हक्क कंपनीला विकले, तरी ठरावीक वापरांवरच्या रॉयल्टीतला समान वाटा त्यांना सोडता येत नाही, अशी तरतूद झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी या दुरुस्तीचा जोरदार पुरस्कार केला. गायक-वादकांच्या हक्कांनाही बळ मिळाले आणि २०१३ साली गायकांच्या हक्कांसाठी ‘इसरा’ ही संस्था उभी राहिली. त्यामुळे कलावंताचा संबंध पहिल्या मानधनाबरोबर संपतो, हे आता खरे नाही.

अहिराणी गाण्यांच्या बाबतीत ही समजूत अधिकच चुकीची ठरते. त्यांचे निर्माते बहुधा खानदेशातलेच तरुण असतात. गीत, चाल, गायन, अभिनय आणि चॅनेल चालवणे ही कामे चार-पाच जणांतच वाटलेली असतात. श्रोतावर्ग धुळे, जळगाव, नंदुरबार, नाशिक जिल्ह्यातला बागलाण-मालेगावचा पट्टा आणि पोटासाठी सुरतेला गेलेली खानदेशी कुटुंबे एवढ्यात मुख्यतः सामावतो. काही गाणी कोट्यवधी वेळा पाहिली गेली आहेत, पण बहुतेकांच्या वाट्याला हे यश येत नाही. मोठी कंपनी एका गाण्याचे नुकसान शंभर गाण्यांवर भरून काढते. छोट्या निर्मात्याचे एक गाणे बुडाले तर पुढचे गाणे होतच नाही.

गैरसमज ५: स्वतःच्या ऐकण्यापुरते असेल तर काहीही चालते.

वस्तुस्थिती: कलम ५२ मध्ये खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी केलेल्या ‘उचित व्यवहारा’ला सूट आहे. विकत घेतलेल्या सीडीतले गाणे स्वतःच्या मोबाइलमध्ये साठवणे तिच्यात बसू शकते. मात्र या तरतुदीतला ‘उचित’ हा शब्द महत्त्वाचा आहे. संपूर्ण संग्रह विनापरवाना संकेतस्थळावरून उतरवणे किंवा तो मित्रमंडळींच्या गटात पाठवणे उचित ठरवणे कठीण आहे. टिप्सच्या खटल्यात ग्राहकांच्या वैयक्तिक वापराचा आधार विंकनेही घेतला होता. व्यापारी सेवेला तो घेता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. अमेरिकेतल्या नॅपस्टर या सेवेची कथाही अशीच आहे. १९९९ साली सुरू झालेल्या या सेवेवर लोक आपापल्या संगणकातली गाणी एकमेकांना देत होते. ‘आपापसांतली देवघेव’ हा बचाव न्यायालयात टिकला नाही आणि २००१ साली ती बंद पडली.

गैरसमज ६: लग्नात गाणी वाजवायलाही कंपनीचा परवाना लागतो.

वस्तुस्थिती: इथे चूक उलट दिशेची आहे. कलम ५२ नुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणे सादर करणे किंवा त्याचे ध्वनिमुद्रण वाजवणे हा हक्कभंग नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ यांचा या सवलतीत स्पष्ट उल्लेख आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाने जाहीर सूचना काढून हेच सांगितले आणि अशा समारंभांसाठी रॉयल्टी मागू नये असे बजावले. म्हणून साक्रीच्या वरातीत बँडने चित्रपटातली किंवा अहिराणी गाण्याची चाल वाजवली, तर यजमानाने किंवा बँडवाल्याने धास्ती बाळगण्याचे कारण नाही. ही सवलत वाजवण्यापुरती आहे. विनापरवाना प्रती काढून विकण्याला ती संरक्षण देत नाही. मंगल कार्यालयातल्या, लग्नाशी संबंध नसलेल्या व्यापारी कार्यक्रमालाही ती लागू होत नाही.

गैरसमज ७: जुनी गाणी आणि लोकगीते सगळ्यांचीच असतात.

वस्तुस्थिती: हक्काला मुदत असते, पण ‘जुने’ म्हणजे किती जुने हे कायद्याने ठरवले आहे. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते.

जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण यासाठी नेमके आहे. त्यांचे निधन डिसेंबर १९५१ मध्ये झाले आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह १९५२ साली आला. मरणोत्तर प्रकाशित साहित्याची मुदत प्रकाशनापासून मोजतात. त्यामुळे त्या संग्रहातल्या कवितांवरचा हक्क २०१२ च्या अखेरीस संपला आणि त्यांना आज कोणीही चाल लावू शकतो. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात त्यांच्या रचना गायल्या गेल्या. त्या साली प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणाची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली. चालीची मुदत मात्र संगीतकाराच्या मृत्यूपासून स्वतंत्रपणे मोजावी लागते. त्याच कवितेचे एखाद्या गायिकेने यंदा केलेले ध्वनिमुद्रण तर पूर्णपणे संरक्षित आहे.

लोकगीतांचेही असेच आहे. श्रावणात कानबाईच्या उत्सवात बाया गातात ती पारंपरिक गाणी कोणा एकाच्या मालकीची नाहीत, ती गायला कोणाचीही परवानगी लागत नाही. पण एखाद्या निर्मात्याने ती वाद्यमेळासह ध्वनिमुद्रित केली, तर त्या ध्वनिमुद्रणावर त्याचा हक्क असतो. हा न्याय दुसऱ्या बाजूनेही लागू होतो. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी पाड्यावर पावरी वाजवणाऱ्याचे किंवा ओव्या गाणाऱ्या आजींचे मोबाइलवर मुद्रण करून ते परस्पर चॅनेलवर टाकणे योग्य नाही. सादर करणाऱ्याचा स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क असतो. त्यांची संमती घेणे, नाव देणे आणि कमाईत वाटा देणे हे शहरातून आलेल्या संग्राहकालाही बंधनकारक मानले पाहिजे.

गैरसमज ८: मूळ कलावंताचे नाव दिले की झाले.

वस्तुस्थिती: कर्त्याचे नाव देणे हा त्याचा मान आहे. पण श्रेयाचा हक्क आणि प्रत काढू देण्याचा हक्क हे दोन निराळे हक्क आहेत, एक पाळल्याने दुसरा पाळला जात नाही. रीलखाली गायकाचे नाव टाकून गाणे उतरवण्याची लिंक वाटणाऱ्याने सौजन्य दाखवले असेल, परवानगी घेतलेली नसते.

गैरसमज ९: खिशात पैसे नसणाऱ्याला दुसरा मार्गच नाही.

वस्तुस्थिती: कॅसेट महाग आणि दुकान दूर होते तेव्हा या म्हणण्यात तथ्य होते. आज यूट्यूब आणि जाहिरातींवर चालणाऱ्या संगीतसेवा फुकट ऐकू देतात. आकाशवाणीच्या जळगाव आणि धुळे केंद्रांवर गाणी ऐकायला इंटरनेटही लागत नाही. काही कलावंत आपली गाणी मोकळ्या परवान्याखाली स्वतःच वाटतात. कोंडाईबारीच्या डोंगरात जिथे मोबाइलला रेंज नाही, तिथे ऐकण्यासाठी अधिकृत ॲपमध्ये गाणे साठवण्याची सोय असते. तिला बहुधा वर्गणी पडते, ही अडचण खरी आहे. पण त्यामुळे फार तर सोय कमी होते, गाणे ऐकायलाच मिळत नाही असे होत नाही. गरज आणि सोय यांत फरक आहे आणि गाणे करणाराही अनेकदा ऐकणाऱ्याइतकाच हातावर पोट असलेला असतो.

या सगळ्याचा निष्कर्ष साधा आहे. गाणे फुकट मिळाले की विकत, यावरून योग्य-अयोग्य ठरत नाही. गाणे ज्यांनी केले त्यांच्या संमतीने ते आपल्यापर्यंत आले का, यावरून ते ठरते. आवडलेले गाणे कोणी मागितले तर गाण्याऐवजी मूळ चॅनेलची लिंक पाठवावी. त्याला कवडीचा खर्च येत नाही आणि ऐकणाऱ्यांची मोजणी गाणे करणाऱ्याच्या पदरात पडते. अहिराणीसारख्या भाषेत पुढचे गाणे यावे असे वाटणाऱ्या प्रत्येकाने निदान एवढे करावे.