एच.आय.व्ही.बाधित ज्येष्ठांचे बोधनिक पुनर्वसन : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
भारतात एच.आय.व्ही.चे पहिले बाधित १९८६ साली चेन्नई येथे आढळले. त्यानंतर जवळजवळ दोन दशके या आजाराचा विचार तारुण्य आणि अकाली मृत्यू याच चौकटीत होत राहिला. १ एप्रिल २००४ पासून शासनाने एआरटी औषधोपचार मोफत सुरू केला आणि चित्र पालटले. त्या काळी चाळिशीत असलेले रुग्ण आज साठीत आहेत. (या आजारात पन्नाशीनंतरच्या व्यक्तीस ज्येष्ठ मानण्याचा प्रघात आहे.) परंतु वाचलेल्या माणसाच्या स्मरणाचे, अवधानाचे व विचारांच्या गतीचे काय होते, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

ऱ्हासाचे स्वरूप :
संसर्गानंतर अल्पावधीतच हा विषाणू मेंदूत प्रवेश करतो. तो चेतापेशींना सहसा थेट बाधित करीत नाही; मेंदूतील संरक्षक पेशींत ठाण मांडतो व त्यातून मंद दाह सुरू राहतो. औषधाने रक्तातील विषाणू नगण्य झाले तरी हा दाह काही अंशी टिकू शकतो. त्यात वय, मधुमेह व रक्तदाब यांची भर पडते.

येथे एक भेद महत्त्वाचा आहे. अल्झायमरमध्ये नवी माहिती मुळात नीट साठतच नाही. एच.आय.व्ही.मध्ये बहुधा साठलेली गोष्ट वेळेवर हाती येत नाही; खूण मिळाली की ती आठवते. रात्री गोळी घ्यावयाची आहे हे रुग्णास पक्के ठाऊक असते, मात्र नऊ वाजता ते सुचत नाही. गोळ्या चुकत गेल्या की विषाणू पुन्हा वाढतो आणि विसरही वाढतो.

प्राथमिक तपासणीसाठी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय एच.आय.व्ही. स्मृतिभ्रंश मापनश्रेणी उपयुक्त आहे. बोटांच्या हालचालींचा वेग, हाताच्या क्रमवार कृती व चार शब्दांचे स्मरण एवढेच तिच्यात पाहतात. कमाल गुण १२ असून १० किंवा त्याहून कमी गुण आल्यास पुढील तपासणी करतात. अक्षरओळख लागत नाही, हा तिचा मोठा गुण होय. तथापि कमी गुण म्हणजे आजार नव्हे. शाळेची पायरी न चढलेली वृद्धा केवळ परीक्षेच्या धास्तीनेही मागे पडते. नैराश्य, थायरॉईड, बी-१२ ची कमतरता व ऐकू न येणे ही कारणे आधी तपासावीत. मद्यपानाविषयीही विचारावे, जिल्ह्यात अनेक दशकांपासून दारूबंदी असल्यामुळे हा प्रश्न विचारण्याचे कारण उरत नाही, असे मात्र कोणी समजू नये.

पुनर्वसन व गुप्ततेचा पेच :
पुनर्वसनाच्या दोन वाटा आहेत. एक, संगणकीय सरावाने क्षमता वाढविणे. अमेरिकेतील छोट्या प्रयोगांत अशा सरावाने विचारांची गती सुधारल्याचे दिसले. दैनंदिन जीवनात त्याचा लाभ किती, याचा पुरावा अद्याप तोकडा आहे. दुसरी वाट उणीव बाह्य खुणांनी भरून काढण्याची. आजाराचे वर सांगितलेले स्वरूप पाहता आपल्या ग्रामीण रुग्णास हीच वाट अधिक जवळची आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पण खरी अडचण येथेच आहे. पाठ्यपुस्तके सांगतात त्या खुणा, म्हणजे भिंतीवरील तक्ता, वारांच्या कप्प्यांची डबी, मोबाईलचा गजर, या सर्व चारचौघांत दिसणाऱ्या आहेत. ज्या घरात सुनेलाही आजार ठाऊक नाही, तेथे गजर वाजला की ‘कसली गोळी, आई?’ हा प्रश्न येतोच. वर्ध्याला रोगाच्या कलंकाची ओळख जुनीच आहे. कुष्ठरोग्यांसाठी दत्तपूरचे कार्य १९३६ मध्ये उभे राहिले. सेवाग्रामात महात्मा गांधींनी परचुरे शास्त्रींना आश्रय देऊन स्वहस्ते त्यांची शुश्रूषा केली. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला व त्याने गुप्ततेचा हक्क दिला. घराच्या उंबरठ्याआत तो हक्क रुग्णास स्वतःच सांभाळावा लागतो.

म्हणून खूण रुग्णाच्या नित्यक्रमातूनच शोधावी. तुळशीपुढील दिवा, रात्रीचे जेवण, टीव्हीवरील ठरलेली मालिका यांपैकी एकाशी गोळी जोडावी. घेतल्यावर कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबासारखी बारीक टिंब द्यावी. दोनदा घेण्याची चूकही त्यामुळे टळते. रक्तदाबाची गोळी आधीच चालू असेल तर दोन्ही एकाच पिशवीत ठेवाव्यात, म्हणजे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. डोलुटेग्राविरयुक्त गोळी दिवसातून एकदाच असल्याने हे जमते. मात्र लोह वा कॅल्शियमची गोळी सोबत असेल तर दोन्ही जेवणाबरोबरच घ्याव्यात. उपाशीपोटी एकत्र घेतल्यास डोलुटेग्राविरचे शोषण घटते.

सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था व सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय आणि भौतिकोपचार महाविद्यालये जिल्ह्यातच असल्याने तज्ज्ञांची वानवा नाही. परंतु रुग्णास खरोखर नियमित भेटतो तो एआरटी केंद्राचा समुपदेशक. कापूस वेचणीच्या दिवसांत औषधाची तारीख चुकलेल्या वृद्धास ‘का आला नाहीत?’ असे विचारण्याऐवजी ‘काका, तारीख कशावरून लक्षात ठेवता?’ असे त्याने विचारावे व त्या उत्तरातूनच पुढील महिन्याची खूण ठरवावी.